मुकीच्या हातचं चूर्ण

"पाला आहे तो, पाला. पाल्याने कधी माणूस मेलंय का?"

"मेली नाही ती अजून. तुला एवढी घाई का झालीय, मामा?"

"तोंड सांभाळ. गिऱ्हाईक बसलंय."

"बसू दे. त्याच्या गळी पण उतरवलंस ना हे चूर्ण? मग त्याने ऐकलेलंच बरं."

खुर्चीतल्या टॅक्सीवाल्याचा एक गाल गुळगुळीत झाला होता, दुसऱ्यावर फेस तसाच होता. त्याने आरशातून आधी न्हाव्याकडे पाहिलं, मग न्हाव्याच्या भाचीकडे, आणि फेसाच्या आडून म्हणाला, "मला नाही दिलं. मला शुगर नाही. म्हणजे, अजून तरी नाही."

भाची सरळ इस्पितळातून आली होती. कालचेच कपडे, केस कसेतरी वर बांधलेले. हातातली प्लॅस्टिकची बरणी तिने आरशाखालच्या फळीवर, कंगव्यांच्या आणि पावडरच्या डब्यांच्या मधोमध आपटून ठेवली. बरणीत तळाला हिरवट-करडं चूर्ण होतं.

"आईच्या नसेत साखरेचं पाणी चाललंय," ती म्हणाली. "चढवलं की डोळे उघडते. थोड्या वेळाने पुन्हा साखर उतरते, पुन्हा घामाने चिंब, पुन्हा दातखीळ. डॉक्टर म्हणतात, कुठलीतरी साखर उतरवणारी गोळी अंगात ठाण मांडून बसलीय. जास्त घेतली का गोळी? मी पाकीट बघितलं, एकही जास्त गेलेली नाही. मग उरलं काय? तुझं हे."

"हे साखर उतरवतंच. त्यासाठीच तर दिलं. पण बेताने उतरवतं. निसर्ग आहे तो, तुमच्या डॉक्टरासारखा कसाई नाही."

"मामा, ती स्वयंपाकघरात फरशीवर पडली होती. तोंडातून फेस येत होता."

"विष बाहेर पडतं असं."

टॅक्सीवाल्याने फेसाच्या गालाला हात लावला आणि पटकन काढून घेतला.

दुकानाच्या मागच्या भिंतीला एक पडदा होता आणि पडद्यामागे धुतलेल्या टॉवेलांचा ढीग. त्या ढिगासमोर स्टुलावर न्हाव्याची बायको बसली होती. टॉवेल गुडघ्यावर घ्यायचा, झटकायचा, अर्धा, पाव, बाजूला. भाचीचा आवाज आला तेव्हापासून तिच्या गुडघ्यावर एकच टॉवेल होता आणि तो ती घडी घालून परत उलगडत होती.

तिला मुकी म्हणत. मुकी ती नव्हती. लग्न होऊन आली त्या आठवड्यात नणंदेने पाहुण्यांसमोर विचारलं, "काय गं, तोंडात जीभ आहे की माहेरी विसरलीस?" सगळे हसले. नवी नवरी लाजून गप्प राहिली आणि नणंदेने तिथल्या तिथे बारसं केलं. नणंद तेव्हा शाळेत शिकवत होती, पुढे मुख्याध्यापिका झाली. तिने ठेवलेली नावं टिकत. मुकीला मुलं झाली, ती मोठी होऊन पोटामागे दूरदेशी गेली, गुडघे कुरकुरायला लागले, पण नाव काही म्हातारं झालं नाही. नवराही गिऱ्हाइकांसमोर हाक मारायचा, "मुके, गरम पाणी." गिऱ्हाईक नवं असलं तर हळहळायचं. त्यावर नवरा म्हणायचा, "अहो, नशीब लागतं अशी मिळायला."

न्हाव्याला गप्प बसणाऱ्याची सवय होती. त्याचा धंदाच तसा. मान मागे टेकवलेली, गळ्यावर वस्तरा, अशा माणसाशी तो हवामानापासून सरकारपर्यंत काहीही बोलायचा आणि कुणी नाही म्हणायचं नाही. त्याला वाटायचं आपलं सगळ्यांना पटतं. घरी आला तरी हातात वस्तरा असल्यासारखाच बोलायचा.

मग त्याला साखर निघाली. तपासणी करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी गोळी लिहून दिली, चालायला सांगितलं, डोळे आणि पाय दाखवायला सांगितले. ती वयाने त्याच्या मुलीएवढी. तिने त्याला नीट, हळू समजावलं, हाच तिचा गुन्हा झाला. घरी येऊन त्याने गोळ्यांचं पाकीट मोरीत टाकलं. "आयुष्यभर घ्या म्हणे. आयुष्यभर. गिऱ्हाईक बांधून ठेवायची ही रीत मला शिकवते."

त्याने कुठून कुठून ऐकून आपलं औषध जमवलं. वाळवलेलं कारलं, मेथीदाणे, दोन-तीन जातींचा कडू पाला. निवडायचं मुकीने, वाळवायचं मुकीने, मिक्सरमध्ये फिरवायचं मुकीने. तो फक्त सकाळी चमचाभर तोंडात टाकून तोंड वेडंवाकडं करायचा आणि म्हणायचा, "कडू आहे म्हणजे काम करतंय."

काम करत नव्हतं. रात्रीतून लघवीला उठणं चालूच होतं, पायजमा कमरेवरून सरकत होता, दाढी करताना हात थरथरायला लागला होता. एका गिऱ्हाइकाच्या कानाच्या पाळीला वस्तरा लागला. मुकीने पाहिलं आणि ती औषधाच्या दुकानात गेली. जुनी चिठ्ठी तिने फडताळात जपून ठेवली होती.

दुकानदाराने पाकीट पुढे ठेवलं. ती हलली नाही.

"आणखी काही, मावशी?"

"ह्या पाल्याबिल्याने काही होतं का हो?"

"होत असेल थोडंफार. किती होतं, किती घ्यायचा, हे कुणी नीट मोजून दिलेलं नाही. गोळीचं मोजलेलं आहे. एवढाच फरक."

एवढाच फरक तिने घरी नेला आणि मिक्सरमध्ये घातला. महिन्याच्या गोळ्या महिन्याच्या चूर्णात. डब्याचं झाकण लावून खूप हलवलं. मग रोज सकाळी त्याला चमचा द्यायच्या आधी ती डबा पुन्हा हलवायची, कारण तिच्या लक्षात आलं होतं की गोळ्यांचा पांढरा बारीक भुगा खाली बसतो आणि पाल्याचा चोथा वर राहतो. मेथी वाटणाऱ्या हाताला एवढं कळतं. नवरा विचारायचा, "काय गं, रोज काय खुळखुळतेस?" ती म्हणायची, "गुठळ्या होतात."

साखर उतरली. पायजमा कमरेवर थांबला. डॉक्टरीणबाई रिपोर्ट पाहून म्हणाल्या, "छान. गोळी चालू ठेवा." न्हावी खुर्चीत मागे रेलून इतका हसला की त्यांना वाटलं काही चुकलं. बाहेर येताच त्याने मुकीच्या खांद्यावर हात ठेवला. लग्नानंतर रस्त्यात पहिल्यांदा. "बघितलंस? तिला वाटतं गोळीने झालं."

मुकी म्हणाली, "हो ना."

आणि त्या दिवशी घरी जाऊन, मोरीचा नळ सोडून, ती एकटीच हसली. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आयुष्यात तिच्याकडे स्वतःचं असं फारसं काही नव्हतं. ट्रंक सासूची, दागिने नणंदेने मागून नेलेले, नाव नणंदेने ठेवलेलं. हे मात्र तिचं होतं. रोज सकाळी तो तोंड कडू करून तिच्याच हातून गोळी गिळायचा आणि दिवसभर दुकानात शेखी मिरवायचा. पडद्यामागे बसून ती ऐकायची. लोक रेडिओ ऐकतात तसं.

त्याने सगळ्यांना कृती सांगितली. लोकांनी आपापल्या घरी चूर्ण केलं, त्यात अर्थातच गोळी नव्हती, आणि कुणाला गुण आला नाही. "पथ्य पाळत नाहीत," न्हावी म्हणायचा. "श्रद्धा नाही." पलीकडच्या घड्याळजीने तर त्याच्या नादाने सुई घेणं सोडलं. पुढे त्याच्या पायाला फोड आला, फोडाची जखम झाली, अंगठा कापावा लागला. ती बातमी दुकानात आली त्या दिवशी न्हावी गप्प झाला, पण गिऱ्हाईक उठून दुसरं बसेपर्यंतच. मग म्हणाला, "चोरून गोड खात असणार." पडद्यामागे मुकीच्या हातातला टॉवेल थांबला. थांबला आणि पुन्हा चालू झाला. घड्याळजी काही तिचा कुणी लागत नव्हता.

नणंद लागत होती.

नणंद आठ-दहा दिवसांमागे आली होती. निवृत्त झाली तरी चाल तीच, घरात शिरली की सगळे वर्गात बसल्यासारखे सरळ व्हायचे. तिची साखर जुनी, गोळ्या जुन्या. "किडनीवर परिणाम होतो म्हणतात गोळ्यांचा," ती भावाला म्हणाली, आणि न्हाव्याला एवढं पुरलं. त्याने फडताळातला डबा काढला. वरचं अर्धं तो खाऊन झाला होता, आणि रोज हलवलं तरी भुगा थोडा थोडा तळाशी साचतच आला होता. राहिलेलं तळाचं त्याने नणंदेच्या बरणीत उपडं केलं आणि बोटाने कडा निपटून घेतल्या.

"ताई, गोळ्या बंद. आजपासून हे. भरून चमचा."

"आणि ही मुकी काय बघतेय? तुझं औषध कमी पडेल म्हणून जीव खालीवर होतोय वाटतं हिचा."

मुकी दारात उभी होती. तिने हिशेब केला, नाही असं नाही. ताईंनी गोळ्या सोडल्या तर चूर्णातून गोळी जाईलच की, फिट्टंफाट. हा विचार खरा होता. त्याच्या मागे आणखी एक उभा होता. आत्ता बोललं तर सगळं संपलं. तो ओरडेल, ताई हसतील, किंवा ताई ओरडतील आणि तो हसेल, आणि उद्यापासून डबा नुसता डबा होईल. शिवाय आता ताईसुद्धा रोज सकाळी तोंड वाकडं करून तिच्या हातचं गिळणार होत्या. तळाचं आहे, हलवून घ्या, एवढं तरी म्हणायचं. तेही तिने म्हटलं नाही. ती म्हणाली, "चहा टाकू?"

एक गोष्ट मात्र तिला माहीत नव्हती. नणंद भावाचं सगळं ऐकून घ्यायची, पण डोळे मिटून कुणावर विसंबायची नाही. तिने चूर्ण सुरू केलं आणि गोळ्याही चालू ठेवल्या. दोन्ही घेतलेलं बरं, असा शहाणपणा. भावाला फोनवर सांगायची, "गोळ्या सोडल्या रे." घाम येतोय, हातपाय कापतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, असंही सांगायची. न्हावी म्हणायचा, "येऊ दे. मुरलेलं विष निघतंय. दीड चमचा कर." मग परवा तिने दाढ काढून घेतली, त्या दुखण्यात रात्रीचं जेवण टाळलं, औषधं टाळली नाहीत. सकाळी लेकीला ती फरशीवर सापडली.

"हे मी तपासायला नेतेय," बाहेर भाची म्हणत होती. "अहवाल यायला वेळ लागेल म्हणाले, तोवर आई टिकली तर ठीक. म्हणून तोंडाने विचारायला आले. शेवटचं विचारते, मामा, ह्यात काय आहे?"

"तुला तपासायचंय ना? इथेच तपास." न्हाव्याने बरणीचं झाकण काढलं. फळीवरचा चमचा घेतला, त्याला पावडर लागली होती, ती पँटीला पुसली. "दादा, तुम्ही साक्षी."

"मला नका घेऊ ह्यात," टॅक्सीवाला म्हणाला.

"सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नाही माझ्या. बघा." त्याने भरलेला चमचा तोंडात रिकामा केला, चघळला, गिळला. "मेलो?"

पडद्याच्या फटीतून मुकी पाहत होती. पहिला चमचा तिने जाऊ दिला. हे तिला स्वतःला कळलं, आणि कळूनही ती उठली नाही.

"आणखी?" न्हावी म्हणाला. त्याने बरणी तिरकी केली आणि तळ खरवडला. चमच्यावर आलेलं जवळजवळ पांढरं होतं. दुसरा गेला. तो चघळत चघळतच त्याने तिसरा भरायला घेतला.

पडदा सरला.

"थुंका ते."

टॅक्सीवाल्याला ती बाई बोलते हेच नवीन होतं.

"काय म्हणालीस?"

"थुंका. त्यात गोळ्या आहेत. तुमच्या, शुगरच्या. मी वाटून घालते."

न्हावी हसला. आरशात बघून, गिऱ्हाइकाकडे बघून. "डोकं फिरलंय हिचं. घाबरलीय."

"तुमची साखर उतरली तेव्हापासून घालते. पालाच खाल्ला असता नुसता, तर तुमचाही अंगठा गेला असता, घड्याळजींसारखा."

"गोळीचं नाव," भाची म्हणाली. तिच्या हातात आधीच फोन होता. "मामी, नाव सांग. लवकर."

मुकी दुकानामागच्या घरात गेली, फडताळातून रिकामं पाकीट घेऊन आली. भाचीने ते दिव्याखाली धरून फोनवर वाचून दाखवलं. मग बराच वेळ नुसतं ऐकलं. "हो. आईची पण ह्याच जातीची गोळी चालू आहे… किती ते माहीत नाही… नाही हो, वाटून. चूर्णात." तिने मुकीकडे पाहिलं. "एका चमच्यात किती गोळ्या?"

"हलवलं तर एकच. न हलवता तळाचं घेतलं तर… मला नाही सांगता येणार."

"मामी म्हणतेय सांगता येणार नाही. आणि मामानेही आत्ता दोन चमचे खाल्लेत." भाचीने फोनला म्हटलं, पुन्हा ऐकलं, आणि फोन ठेवला. "त्यावर वेगळं इंजेक्शन असतं. आत्ता देतायत. एवढंच माहीत नव्हतं म्हणून रात्रभर नुसतं साखरेचं पाणी ओतत बसले. मेंदूला किती वेळ साखर मिळाली नाही, ते शुद्धीवर आल्यावर कळेल म्हणतात. आली तर." मग मामाकडे वळून, "तुला पण घेऊन यायला सांगितलंय. आधी साखर खायला घाला म्हणाले."

"मी साखर खाणार नाही," न्हावी म्हणाला.

"मामा."

"इतकी वर्षं तोंडाला लावली नाही, आज खाऊ? हिच्या सांगण्यावरून?" चमचा अजून त्याच्या हातात होता. त्याने तो पाहिला आणि फळीवर ठेवला, अगदी हळू, वस्तरा ठेवावा तसा. "माझे रिपोर्ट पाल्याचे आहेत. अर्धे तरी असतील. अर्धे असतील की नाही गं?"

मुकीने चहाच्या डब्याशेजारची साखर कपात ओतली, पाणी घातलं, बोटाने ढवळलं आणि कप त्याच्या पुढ्यात धरला. त्याच्या कपाळावर घाम होता. तो गोळीचा असायला अजून वेळ होता.

"ताई मेली तर मी तुला ह्या घरात ठेवणार नाही," तो म्हणाला.

"प्या."

"लोक काय म्हणतील? सगळ्या मोहल्ल्याला मी सांगितलंय. सगळ्या मोहल्ल्याला."

"तेच ना," टॅक्सीवाला गळ्याभोवतीचं कापड स्वतःच सोडत म्हणाला. "प्या हो साहेब, आणि चला. गाडी दारात आहे. तशीही ही अर्धी दाढी घेऊन मी दुसरं भाडं कुठे घेणार."

न्हाव्याने कप घेतला. एक घोट प्यायला आणि त्याचं तोंड वाकडं झालं, कडू चूर्ण खाताना व्हायचं तसंच. टॅक्सीवाल्याला हसू आलं. ते त्याने टॉवेलात पुसून टाकलं.

भाचीने बरणीचं झाकण घट्ट लावलं, पाकीट पर्समध्ये टाकलं. दाराशी जाऊन ती थांबली, परत आली आणि मामीच्या इतकी जवळ उभी राहिली की मुकीला तिच्या कपड्यांना आलेला इस्पितळाचा वास आला. लहानपणी ही मुलगी सुट्टीत यायची तेव्हा तिची वेणी मुकीच घालायची. आईच्या हातची तिला घट्ट व्हायची.

"मामी, त्याला वाचवायला केलंस, ते मी समजू शकते. मी असते तर मीही केलं असतं." तिचा आवाज शांत होता, तोच जड गेला. "पण त्याने डबा माझ्या आईच्या बरणीत ओतला, तेव्हा तू कुठे होतीस?"

"इथेच."

"बघत होतीस?"

"हो."

"तळाचं आहे, हे तुला ठाऊक होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

न्हाव्याने कप खाली केला. टॅक्सीवाला किल्ली हातात घेऊन तसाच थांबला. तिन्ही तोंडं तिच्याकडे होती, आणि आरशात आणखी तीन. ह्या दुकानात तिच्या बोलण्याची अशी वाट कुणी कधी पाहिली नव्हती.

मुकीने ओले हात पदराला पुसले. भाचीच्या बाजूने वाट काढली, चपला पायात सरकवल्या, दार ढकललं आणि बाहेरच्या बाकावर नंबर लावून बसलेल्या दोन गिऱ्हाइकांच्या समोरून, कुणाकडे न बघता, रस्त्याने चालू लागली.